रोममधली न झालेली सही आणि पळसगावचा यशवंत

माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकला नाही असा कोकणातला माणूस शोधून सापडणार नाही. यंदा शिमग्याला गावी जाताना आम्हीही अडकलो, चांगला दीड तास, गाडी जरा पुढे सरकायची की परत थांबायची. मागच्या सीटवर माझा भाचा होता, एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, कानात इअरफोन घालून एकामागून एक व्हिडिओ बघत बसला होता आणि मधेच त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पाच-सहा जण एका माणसाला मारतायत, तो हात जोडतोय, पाया पडतोय, आणि खाली कमेंट्सचा पाऊस, सगळे खूश. भाचा हसला नाही, पण त्याला काही वाटलंय असंही दिसलं नाही. "असंच पाहिजे मावशी यांना" एवढं बोलला आणि पुढचा व्हिडिओ लावला.

"यांना" म्हणजे कोणाला ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. तो शब्द प्रत्येक घरात वेगळा असतो, तुमच्या घरात वेगळा, माझ्या घरात वेगळा, आणि एकदा का आपण त्या शब्दावरून भांडायला लागलो की मला जे बोलायचंय ते राहूनच जाईल.

मी तेव्हा गप्प बसले. सणासुदीचं जातोय, गाडीत त्याची आई आहे, कशाला वाद, असा विचार केला. आणि नेमका त्याच माणगावात एक पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे यांचा (नाईक हा सैन्यातला हुद्दा). कितीतरी वर्षं त्या रस्त्याने जातेय, लहानपणी एसटीने आणि आता गाडीने, पण तो माणूस कोण होता, कुठे गेला, कसा गेला हे मी कधी नीट वाचलं नव्हतं. त्या दीड तासात मोबाईलवर वाचलं, घरी येऊन अजून वाचलं, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते आज लिहितेय.

यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म नोव्हेंबर १९२१. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि तिसऱ्या बटालियनबरोबर इटलीत पोचले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे ज्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर होते त्यातला एकूण एक जवान मेला किंवा जखमी झाला, उरले फक्त हे. ते एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले, दुसऱ्याला गोळी घातली, मग गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून स्वतःची बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. आणि मग लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांच्या सैन्यातला सगळ्यात मोठा शौर्याचा सन्मान. देह सापडला नाही, त्यामुळे समाधी किंवा कबर अशी कुठे नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

आता इथे आपल्याकडे नेहमी काय होतं की ऊर भरून येतो, "मराठी रक्त", "वाघ" वगैरे लिहून पोस्ट पुढे ढकलली जाते आणि विषय संपतो. मलाही अभिमान वाटतोच, का वाटू नये. पण मी ती हकीकत तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मला पराक्रमापेक्षा एक साधा प्रश्न छळायला लागला. पळसगावच्या पोराला टायबर नदीकाठी एका जर्मन पोराचं डोकं बंदुकीच्या दस्त्याने फोडायची वेळ का आली? त्या दोघांचं एकमेकांशी काय वैर होतं? ही वेळ आणली कोणी, आणि ती टाळता येत होती का?

म्हणून मी मागे मागे जात राहिले आणि २८ ऑक्टोबर १९२२ या तारखेला येऊन थांबले.

त्या वेळी इटलीत मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्यांचा, म्हणजे फॅसिस्टांचा, धुमाकूळ चालला होता. पहिल्या महायुद्धातून परत आलेली, हाताला काम नसलेली, आपला अपमान झालाय अशा भावनेने धुमसणारी तरुण पोरं, त्यांना पैसा पुरवणारे मोठे जमीनदार, आणि बघून न बघितल्यासारखं करणारे पोलीस. गावोगावच्या कामगार संघटनांची ऑफिसं जाळायची, सहकारी संस्था फोडायच्या, विरोधात बोलणाऱ्याला गाठून सोट्याने मारायचं, बळजबरीने एरंडेल पाजायचं आणि भर चौकात त्याचे हाल बघायचे. हो, बघायचे. तिथेही बघ्यांची गर्दी असायची. भाच्याच्या मोबाईलवरचा व्हिडिओ आणि हे चित्र यात फरक काय तर तेव्हा हातात मोबाईलचा कॅमेरा नव्हता.

आणि हे लोक बहुमतात होते का? अजिबात नाही. १९२१ च्या निवडणुकीत ५३५ पैकी ३५ जागा. त्याही कशा मिळाल्या, तर जिओलित्ती नावाच्या मुरलेल्या, जुन्या पुढाऱ्याने त्यांना आपल्या आघाडीत घेतलं म्हणून. त्याला वाटलं ही पोरं जरा तापट आहेत, सत्तेची चव चाखली की शांत होतील, तोवर समाजवाद्यांना बदडायला उपयोगी पडतील. हा हिशेब आपल्याकडेही किती वेळा कानावर येतो, "अरे ते जरा जास्त बोलतात पण काम करतात", "निवडणुकीपुरतं चालायचंच".

तर ऑक्टोबर १९२२ च्या शेवटी हे काळे शर्टवाले रोमकडे निघाले. पावसात भिजलेले, अर्ध्यांकडे धड शस्त्रं नाहीत, आणि खुद्द मुसोलिनी मागे मिलानमध्ये बसलेला. रोममध्ये सैन्य तयार होतं. पंतप्रधान फाक्ता याच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारायचा निर्णय घेतला, हुकूमनामा तयार झाला, २८ तारखेच्या सकाळी तो राजापुढे सहीला गेला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल. त्याने सही केली नाही. यादवी होईल, सैन्य ऐकेल की नाही, आपलं सिंहासन राहील की चुलतभाऊ बसेल, काय काय त्याच्या मनात होतं त्यावर इतिहासकार आजपर्यंत लिहितायत. पण सही झाली नाही हे खरं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत मुसोलिनी मिलानहून रेल्वेच्या स्लीपरने आला आणि वयाच्या ३९ व्या वर्षी पंतप्रधान झाला.

त्या दिवशी पळसगावचा यशवंत एक वर्षाचाही नव्हता, रांगत असेल. त्याचा जन्म ज्या महिन्यातला त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९२१ मध्ये, मुसोलिनीच्या या टोळ्यांचा रीतसर राष्ट्रीय फॅसिस्ट पक्ष झाला होता. म्हणजे तो पक्ष आणि हा पोरगा जवळपास एका वयाचे. आणि ज्या टायबरच्या वरच्या अंगाला तो पुढे मेला तीच नदी खाली रोममधून वाहते. हे वाचल्यावर मला काही वेळ पुढे वाचवेना.

माझं म्हणणं असं आहे की बलिदान हा शब्द आपण फार लवकर पवित्र करून टाकतो, आणि पवित्र केलं की हिशेब विचारायचा राहून जातो. घाडगेंचं मरण हे दुसऱ्या कोणीतरी बुडवलेल्या कर्जाचं व्याज होतं. जे काम १९२२ मध्ये एका सहीने झालं असतं, कदाचित थोडी पळापळ, थोडी धरपकड होऊन मिटलं असतं, त्याला १९४४ मध्ये माणसं द्यावी लागली, आणि देणारे कोण, तर ज्यांना त्या सहीचा गंधही नव्हता असे कोकणातले, देशावरचे, पंजाबातले, गढवालमधले, नेपाळमधले. इटलीत जवळपास ५०,००० भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मेले. त्या आघाडीवर दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय जवानांचे. अतिरेकी विचार वेळीच रोखला नाही की त्याचं बिल रोखायची ज्यांची जबाबदारी होती त्यांच्या नावावर येतच नाही, ते लांब कुठेतरी राहणाऱ्या गरिबाच्या घरी येतं.

बरं, राजाने एकच संधी घालवली असंही नाही. १९२४ च्या मे महिन्यात माट्टेओत्ती नावाचा समाजवादी खासदार संसदेत उभा राहिला आणि निवडणुकीत झालेली मारहाण, धमक्या, फसवणूक सगळं पुराव्यानिशी मांडलं. ३० मेचं ते भाषण. १० जूनला भर दिवसा त्याला रोममधून गाडीत घालून पळवलं आणि ठार केलं, देह सापडला तो ऑगस्टमध्ये. सगळा देश हादरला होता तेव्हा, मुसोलिनी स्वतः टरकला होता, महिना-दोन महिने असे होते की जरा धक्का दिला असता तर सरकार पडलं असतं. विरोधकांनी काय केलं तर निषेध म्हणून संसदेतून उठून गेले आणि राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले. राजाने परत काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनी संसदेत उभा राहून म्हणाला की जे झालं त्याची जबाबदारी माझी, करा काय करायचं ते. कोणी काही केलं नाही. १९२६ संपायच्या आत बाकी सगळे पक्ष बंद.

आणि मग मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट, कारण ती माझ्यासारख्या पगारदार, शिकलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या लोकांची आहे. १९३१ मध्ये सरकारने फर्मान काढलं की विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकाने फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायची. प्राध्यापक होते बाराशेच्या वर. नकार दिला तो जेमतेम बारा जणांनी. बाकीचे वाईट होते का? नसावेत. कोणाची पोरं शिकत असतील, कोणाचं पेन्शन दोन वर्षांवर आलं असेल, आणि काहींनी तर खरंच मनापासून असा विचार केला की आपण आत राहिलो तर मुलांना निदान चार चांगल्या गोष्टी शिकवू, बाहेर पडलो तर आपल्या जागी त्यांचाच माणूस येईल. हे आर्ग्युमेंट मला पूर्ण कळतं, मीही कदाचित हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. कारण सातच वर्षांनी, १९३८ मध्ये, वंशाचे कायदे आले, ज्यू प्राध्यापकांना, शिक्षकांना, शाळेतल्या लहान लहान मुलांना सुद्धा हाकलून दिलं आणि आत राहिलेल्या लोकांनी त्या रिकाम्या खुर्च्या भरल्या. त्या कायद्यांवर सही मात्र राजाने केली. १९२२ ला जो हात उचलला नाही तो १९३८ ला बरोबर उचलला.

ऑगस्ट १९४४ मध्ये, घाडगे गेल्यावर महिन्याभराने, सांतान्ना दि स्तात्सेमा नावाच्या डोंगरातल्या गावात जर्मन एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास सशस्त्र दलाच्या, लोकांनी एका सकाळी पाचशेच्या वर माणसं मारली. त्यात बायका होत्या, तान्ही मुलं होती. वाट दाखवायला इटलीतलेच फॅसिस्ट होते. एरंडेल पाजण्यापासून सुरू झालं होतं ते इथपर्यंत आलं.

मला माहितेय आता कोणीतरी म्हणणार की हे लोक ब्रिटिशांसाठी लढत होते, त्यात आपल्याला काय धडा? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीये. व्हाइसरॉयने १९३९ मध्ये एकाही भारतीयाला न विचारता भारत युद्धात आहे असं जाहीर केलं होतं. घाडगे सैन्यात होते त्याच काळात, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारमध्ये शिरीषकुमार नावाचा शाळकरी पोरगा तिरंगा घेऊन ब्रिटिशांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, सरकार युद्ध चालवत होतं. म्हणजे तिकडे इटलीत स्वातंत्र्यासाठी लढा म्हणून सांगणारं सरकार इकडे स्वातंत्र्य मागणाऱ्या पोरांवर गोळ्या झाडत होतं. हा दुटप्पीपणा मी विसरायला तयार नाही आणि कोणी विसरावा असंही वाटत नाही. घाडगे काही फॅसिझमवरची पुस्तकं वाचून भरती झाले नसणार, कोकणातून, नगर-साताऱ्याकडून पोरं सैन्यात जायची ती बहुतेक पगारासाठी, घरच्या परंपरेने. पण एक गोष्ट तरीही उरते. बाबासाहेब आंबेडकर ब्रिटिशांचे गुणगान करणारे नव्हते, तरी त्यांनी या युद्धात नाझींचा पराभव झाला पाहिजे अशी भूमिका घेतली, महार पलटण १९४१ मध्ये परत उभी राहिली त्यामागे त्यांचा जोर होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारा विचार जगभर जिंकला तर आपलं काय होईल हे ज्याने आयुष्यभर भोगलं होतं त्याला समजलं होतं. घरातला मालक अन्यायी असला तरी गावाला लागलेली आग आगच असते.

आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं की धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती, विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे जाणारी वाट आहे. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. माझा अंदाज आहे की मुसोलिनी-हिटलर डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे वाक्य इतकं स्पष्ट आलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त नेहमीचा आहे, की प्रत्येक गोष्टीला फॅसिझम म्हणायची फॅशन झालीय. यात तथ्य आहे. मोठ्याने बोलणारा, आपल्या धर्मावर-भाषेवर प्रेम करणारा, सरकारवर चिडलेला प्रत्येक माणूस अतिरेकी नसतो आणि त्याला तसं म्हटलं की तो उलट तिकडेच ढकलला जातो. मी स्वतःपुरती एक खूण ठरवलीय. ज्या क्षणी एखाद्या विचारात समोरच्या माणसाला मारणं हे चूक न वाटता सोय वाटायला लागतं, आणि त्या मारण्यावर टाळ्या पडतात, त्या क्षणी तो विचार कुठल्या रंगाचा आहे हे मला बघायची गरज राहत नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग उडवून १५ पोलीस जवान मारले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना मागून गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंना. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झालं ते सांगायला नको, लष्कर-ए-तोयबाचे १० जण आणि १६६ बळी.

त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे होते. सहायक पोलीस उपनिरीक्षक, साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, पूर्वी सैन्यात होते. हातात फक्त लाठी. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. घाडगेंनी स्वतःच्या बंदुकीची नळी धरली होती, ओंबळेंनी समोरच्याच्या. मला हे दोन हात सारखे दिसत राहतात. आणि ओंबळेंच्या त्या हातांनी दिलेल्या माणसाचं आपण पुढे काय केलं? त्याला वकील दिला, खटला चालवला, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळं झालं आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. तेव्हा किती जण ओरडत होते की कशाला बिर्याणी खायला घालताय, द्या जमावाच्या हातात. जमावाच्या हातात दिलं असतं तर ओंबळेंनी वाचवलेला पुरावा आपणच जाळला असता, कट कुठे शिजला, कोणी पाठवलं हे जगापुढे कोर्टात मांडता आलं नसतं. मला तरी असं वाटतं की ओंबळेंचा मान त्या चार वर्षांच्या कोर्टाच्या कामात राखला गेला, गेटवेला लावलेल्या मेणबत्त्यांपेक्षा जास्त.

हे म्हणताना मी अहिंसेचा भाबडा पाठ देत नाहीये. १९४४ उजाडल्यावर पत्रकं वाटून काही होत नव्हतं, तेव्हा घाडगेच लागतात. मशीनगन सुरू झाली की तिच्यावर कोणीतरी धावून जावंच लागतं. ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, इटलीतल्या सेनिओ नदीच्या पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना एकामागून एक उचलून घेऊन आले, मग परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी बंद केली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, ते वाचले, परत आले. त्यानंतर १९ दिवसांनी मुसोलिनी मारला गेला, २० दिवसांनी इटलीतल्या जर्मन सैन्याने शरणागतीवर सही केली. शेवटी सही झालीच, पण २३ वर्षं उशिरा, आणि मधल्या काळात लाखो माणसं गेली.

पण या जवानांचं नाव घेऊन आज जे चालतं ते मला सहन होत नाही. काही विचारलं, कुठल्या नेत्याच्या भाषणाला नको म्हटलं की लगेच "तिकडे सीमेवर जवान मरतायत आणि तुम्हाला इथे बोलायला सुचतंय". अहो, जवान मरतात ते तुम्हाला-मला बोलता यावं म्हणून ना? मेलेल्या जवानाचा फोटो पुढे करून जिवंत माणसाचं तोंड बंद करायचं, हे तर काळ्या शर्टवाल्यांचंच तंत्र होतं, पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नावाने त्यांनी सगळा देश वेठीला धरला. ज्यांच्याशी लढताना घाडगे मेले त्यांचीच भाषा घाडगेंच्या पुतळ्याला हार घालून बोलायची, यापेक्षा मोठा अपमान मला सुचत नाही.

इटलीत फोर्ली इथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे मुसलमान जवानांच्या कबरी आहेत आणि त्याच आवारात ज्यांना अग्नी दिला त्या हिंदू आणि शीख जवानांच्या नावांचं स्मारक आहे. एकाच डिव्हिजनमध्ये मराठे, पंजाबी मुसलमान, गुरखे, शीख होते, एकाच नदीवर मेले. मेल्यावर प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पद्धतीने निरोप दिला, पण भिंत एकच. १९४७ मध्ये त्यांच्यापैकी जे परत आले त्यांनी गावात काय बघितलं असेल याचा विचार करवत नाही.

आणि मोन्तोने म्हणून एक छोटं गाव आहे, टायबरच्याच खोऱ्यात, तिथल्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेंच्या नावाने एक स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ऐंशी वर्षांपूर्वी आलेल्या परक्या देशातल्या पोराचं नाव त्या गावाने शोधून काढून दगडावर कोरलं. त्या देशाने युद्धानंतर अजून एक काम केलं होतं, जून १९४६ मध्ये मतदान घेऊन राजेशाही घालवली आणि १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या घटनेत लिहून ठेवलं की फॅसिस्ट पक्ष कुठल्याही रूपात परत उभा करायला बंदी आहे. त्याने तिथला प्रश्न कायमचा सुटला असं नाही, पण ज्यांनी भोगलं त्यांना लिहून ठेवायची गरज वाटली.

शिमगा उरकून परत येताना मी भाच्याला घाडगेंची गोष्ट सांगितली, पराक्रमाची नाही, सहीची. त्याने इअरफोन काढून ऐकली. मग म्हणाला, "पण मावशी मी काय राजा आहे का? मी नुसता व्हिडिओ बघितला." मी म्हटलं, बरोबर, आणि मीही राजा नाही, मी नुसती गप्प बसले. त्या दिवशी तू जो दाखवलास ना, त्यातला हात जोडणारा माणूस कोणाचा तरी बाप असेल, हे मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, ते मी बोलले नाही कारण मला गाडीत शांतता पाहिजे होती. तो काही बोलला नाही, पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यानंतर फॅमिली ग्रुपवर एका काकांनी असाच एक व्हिडिओ टाकला तेव्हा मी पहिल्यांदा लिहिलं की हे इथे नको, आणि का नको ते दोन ओळींत लिहिलं. दोन जण ग्रुप सोडून गेले. एका चुलत बहिणीने मात्र वेगळा मेसेज केला की बरं झालं कोणीतरी बोललं, मी दोन वर्षं हेच लिहून डिलीट करतेय. गणपतीला परत त्याच रस्त्याने जायचंय आणि या वेळी माणगावला उतरून पुतळ्याजवळ थांबायचं ठरवलंय, भाचा येतो म्हणालाय. व्हिडिओ तो अजूनही पाठवतो, कमी झालेत पण थांबलेले नाहीत, आणि मी प्रत्येकाला उत्तर देतेय.